धर्माचा रकाना आणि घटनेने दिलेला हक्क

शाळेत मुलाचे नाव घालताना, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना, ग्रामपंचायतीच्या राखीव जागेसाठी उमेदवारी दाखल करताना किंवा जनगणनेचा प्रगणक दारात आला असता आपल्या समाजातील प्रत्येक कुटुंबापुढे एकच प्रश्न उभा राहतो. धर्माच्या रकान्यात काय लिहावयाचे आणि जातीच्या रकान्यात काय लिहावयाचे? पाबळ व पंचक्रोशीतील समाजबांधवांत या प्रश्नाची तीन उत्तरे प्रचलित आहेत. 'बौद्ध' लिहिले तर सवलत जाईल, म्हणून 'हिंदू महार' लिहावे, हे पहिले. बाबासाहेबांनी जात सोडावयास सांगितली, म्हणून जातीचा रकाना कोरा ठेवावा, हे दुसरे. गुरुजी लिहितील ते खरे, हे तिसरे. कायद्याच्या दृष्टीने ही तिन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि त्यांची किंमत शेवटी मुलांनाच मोजावी लागते.

आमचे म्हणणे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. इ. स. १९९० पासून बौद्ध असणे आणि अनुसूचित जातीचे घटनात्मक हक्क असणे यांत कायद्याने कोणताही विरोध उरलेला नाही. म्हणून धर्म उघडपणे 'बौद्ध' असाच लिहावा; आणि आपल्या पूर्वजांची जी जात सरकारी दप्तरात नोंदलेली आहे, तिचे कागद जपून ठेवावेत. हे असे का, ते न्यायालयांच्या निर्णयांतून कसे घडत गेले, आणि आज विद्यार्थ्यांनी काय करावे, हे समजावून सांगण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

घटनेतील कलमे आणि १९५० चा आदेश

भारतीय राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येक व्यक्तीला आपला धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रचार करण्याचा हक्क दिला आहे. १५ (४) आणि १६ (४) या कलमांनी शिक्षणात व नोकरीत मागासलेल्या वर्गांसाठी विशेष तरतुदी करण्याचा अधिकार राज्याला दिला. ३३० व ३३२ या कलमांनी लोकसभेत व विधानसभेत अनुसूचित जातींसाठी जागा राखून ठेवल्या, आणि त्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात असाव्यात असे सांगितले.

आता अनुसूचित जाती कोणत्या, हे ठरवायचे कोणी? ३४१ वे कलम सांगते की ही यादी राष्ट्रपतींनी जाहीर करावयाची आणि एकदा जाहीर झाल्यावर तीत नाव घालण्याचा अथवा वगळण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. राज्य सरकारला तो नाही, न्यायालयालाही नाही. त्यानुसार १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जाती आदेश निघाला. महाराष्ट्राच्या आजच्या यादीत ३७ व्या क्रमांकावर महार, मेहरा, तराळ, धेगू मेगू अशी नोंद आहे.

या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात मात्र एक अट होती. हिंदू धर्माहून वेगळा धर्म प्रकट करणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, अशी ती अट. पुढे सप्टेंबर १९५६ मध्ये संसदेने कायदा करून हिंदूंबरोबर शीख धर्माचा त्यात समावेश केला. त्यानंतर काही आठवड्यांतच, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. बौद्धांचे नाव त्या परिच्छेदात नव्हते. म्हणजे ज्यांनी २५ व्या कलमाचा हक्क बजावला, त्यांचा ३४१ व्या कलमाखालील हक्क त्याच दिवशी धोक्यात आला. एका हाताने घेतलेला हक्क दुसऱ्या हातातील हक्क काढून घेतो, अशी ही विचित्र परिस्थिती होती.

नागपूरचा खटला

ही परिस्थिती प्रत्यक्ष न्यायालयात आली ती महाराष्ट्रातूनच. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत नागपूर शहरातील अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या विधानसभा मतदारसंघातून डी. पी. मेश्राम निवडून आले. त्यांच्याविरुद्ध पंजाबराव या उमेदवाराने निवडणूक अर्ज केला. मेश्राम यांनी १९५७ मध्ये बौद्ध धर्म स्वीकारला असून ते आता अनुसूचित जातीचे राहिलेले नाहीत, म्हणून राखीव जागेवर त्यांची निवड बेकायदा आहे, असे अर्जदाराचे म्हणणे होते. निवडणूक न्यायाधिकरणाने हे म्हणणे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचा निर्णय फिरवला. अखेर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६४ मध्ये त्या न्यायालयाने मेश्राम यांच्या विरुद्ध निकाल दिला. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला 'पंजाबराव विरुद्ध मेश्राम' या नावाने प्रसिद्ध आहे.

या निकालात दोन मुद्दे महत्त्वाचे आहेत आणि विद्यार्थ्यांनी ते नीट समजून घ्यावेत.

पहिला मुद्दा 'हिंदू' या शब्दाचा. २५ व्या कलमाला एक स्पष्टीकरण जोडलेले आहे. त्यात म्हटले आहे की हिंदू या शब्दात शीख, जैन व बौद्ध यांचाही समावेश समजावा. तेव्हा बौद्ध हा घटनेच्याच शब्दांनुसार हिंदू ठरतो, मग अनुसूचित जातीचा हक्क का जावा, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने तो नाकारला. ते स्पष्टीकरण सार्वजनिक स्वरूपाची हिंदू धर्मस्थाने सर्वांना खुली करण्यासंबंधीच्या उपखंडापुरतेच आहे; ते उचलून १९५० च्या आदेशाला लावता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. हिंदू विवाह कायदा, १९५५ हाही बौद्धांना लागू होतो. परंतु त्यामुळे बौद्ध मनुष्य धर्माने हिंदू होत नाही. एकच शब्द वेगवेगळ्या कायद्यांत वेगवेगळ्या कामासाठी वापरलेला असतो. 'कायद्याने आपण हिंदूच आहोत' असे सांगून मुलाच्या नावापुढे हिंदू लिहिणाऱ्यांनी हा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा.

दुसरा मुद्दा 'धर्म प्रकट करणे' म्हणजे काय, हा. धर्मांतराचे सर्व विधी यथासांग झाले होते काय, याची फार चिकित्सा करण्याची गरज नाही. माणसाने आपण जुना धर्म सोडला आणि नवा धर्म स्वीकारला असे जाहीरपणे सांगितले, तर तो नवा धर्म प्रकट करतो असेच समजले पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. म्हणजे न्यायालयाने धम्मदीक्षेच्या जाहीर उच्चाराला पूर्ण कायदेशीर वजन दिले. आपण बौद्ध आहोत हे न्यायालयाने मान्य केले, आणि नेमके त्याच कारणाने राखीव जागेचा हक्क नाकारला.

हा निकाल आपल्याला कडू वाटला तरी न्यायालयाने कायदा वाकडा केला असे म्हणता येणार नाही. यादी संसदेच्या ताब्यात, आदेशातील शब्द स्पष्ट, आणि ते शब्द बदलण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. दोष आदेशाच्या शब्दांत होता आणि तो दुरुस्त करण्याचे स्थान न्यायमंदिर नसून संसद हे होते. हक्काच्या लढ्यात कोणती मागणी कोणाच्या दारात न्यावी, हे ओळखणे किती आवश्यक असते, ते या खटल्यावरून कळते.

मधली चौतीस वर्षे

१९५६ ते १९९० या चौतीस वर्षांत महाराष्ट्रातील बौद्धांची स्थिती अर्धी उन्हात, अर्धी सावलीत अशी होती. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना राज्याच्या अखत्यारीतील शिक्षणाच्या व नोकरीच्या सवलती दिल्या. १५ (४) व १६ (४) या कलमांखाली राज्याला तसे करता येत होते. परंतु केंद्र सरकारच्या नोकऱ्या, लोकसभेच्या व विधानसभेच्या राखीव जागा यांना १९५० चा आदेशच लागू होता. परिणाम असा झाला की एकाच घरातील एका भावाला जिल्हा परिषदेच्या शाळेत राखीव जागेवर मास्तरकी मिळू शके, तर दुसऱ्याला रेल्वेत किंवा टपाल खात्यात राखीव जागेवर अर्ज करावयाचा तर धर्म झाकावा लागे.

अनेकांनी तो झाकला. त्यांना दोष देण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. पोट आणि श्रद्धा यांत निवड करावयास लावणारी व्यवस्थाच सदोष होती. पण त्याचे ओझे पुढच्या पिढ्यांवर आले. आजोबांच्या दाखल्यावर 'महार', वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध', धाकट्या चुलत्यांच्या दाखल्यावर 'हिंदू महार', आणि नातवाच्या दाखल्यावर 'नवबौद्ध' अशा नोंदी एकाच वंशावळीत सापडतात, त्या याच काळाच्या खुणा आहेत.

जनगणनेच्या आकड्यांवरही हे उमटले. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख ९० हजार लोकांनी आपला धर्म बौद्ध असा सांगितला. राज्याच्या लोकसंख्येत हे प्रमाण ७ टक्क्यांच्या किंचित वर होते. १९८१ पर्यंत ते ६.२९ टक्क्यांवर उतरले. याला एकच कारण असेल असे नाही. पण धर्म सांगितला तर हक्क जाईल ही भीती त्यांपैकी एक होती, हे आपल्या वस्त्यांतील कोणीही जुना माणूस सांगेल.

१९९० ची दुरुस्ती

बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारच्या काळात, संसदेने १९९० चा १५ वा कायदा संमत केला. तिसऱ्या परिच्छेदात हिंदू, शीख यांच्याबरोबर 'बौद्ध' हा शब्द आला. धर्म बदलल्याने नवबौद्धांची सामाजिक व आर्थिक स्थिती बदललेली नाही आणि वस्तुतः ते अनुसूचित जातींप्रमाणेच वागणूक मिळण्यास पात्र आहेत, अशी भूमिका सरकारने विधेयकाच्या उद्देशकथनात मांडली. एका शब्दाने नागपूरच्या खटल्यातील कोंडी सुटली.

या दुरुस्तीचा परिणाम किती मोठा होता? १९८१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण ७.१४ टक्के होते. १९९१ च्या जनगणनेत ते ११ टक्क्यांच्या वर गेले. दहा वर्षांत माणसे इतकी वाढली नव्हती. जी होती तीच कायद्याच्या मोजणीत आली. राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात हे वर सांगितलेच आहे. १९७१ च्या आकड्यांवर झालेल्या रचनेत विधानसभेच्या २८८ जागांपैकी अनुसूचित जातींसाठी १८ राखीव होत्या. २००१ च्या आकड्यांवर झालेल्या आणि २००८ मध्ये लागू झालेल्या रचनेत त्या २९ झाल्या. लोकसभेच्या ३ होत्या, त्या ५ झाल्या. आपण मोजले जातो की नाही, याचा अर्थ या आकड्यांत आहे.

परंतु १९९० च्या दुरुस्तीने काय केले नाही, तेही समजून घेतले पाहिजे. 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' नावाची जात तिने यादीत घातली नाही. यादीत जाती पूर्वीच्याच आहेत. त्या जातींपैकी एखाद्या जातीच्या कुटुंबातील व्यक्ती धर्माने हिंदू, शीख किंवा बौद्ध असेल तर ती अनुसूचित जातीची, एवढाच दुरुस्तीचा अर्थ आहे. म्हणून जातीच्या रकान्यात केवळ 'बौद्ध' लिहिले तर अधिकारी विचारणारच की कोणत्या अनुसूचित जातीतून? महाराष्ट्रात जातीचे प्रमाणपत्र देताना 'अनुसूचित जातीतून बौद्ध धर्म स्वीकारलेले' असा वेगळा नमुना आहे, आणि राज्याच्या सेवेत अनुसूचित जाती व त्यांतून बौद्ध झालेले यांना मिळून १३ टक्के आरक्षण आहे. केंद्र सरकारच्या संस्थेत प्रवेश किंवा नोकरी हवी असेल तर केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र स्वतंत्रपणे मागून घ्यावे. राज्याचा नमुना दिल्लीच्या कचेरीत दाखवून परत यावे लागलेले उमेदवार काही थोडे नाहीत.

जात लिहिणे म्हणजे जात मानणे काय?

येथे काही तरुण बंधू-भगिनींचा प्रामाणिक आक्षेप असतो. जातीचा त्याग करून आपण धम्मात आलो. मग सरकारी कागदावर पुन्हा ती जात का लिहावी? या आक्षेपामागील भावना आम्हाला आदरणीय वाटते. पण उदाहरण आपल्याच जमिनींचे घ्या. महार वतन १९५८ च्या कायद्याने रद्द झाले आणि १ ऑगस्ट १९५९ पासून तो कायदा लागू झाला. वतन गेले, वेठ गेली. तरी जुन्या फेरफारात आणि सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यांत 'महार वतन', 'इनाम वर्ग ६ ब' असे शब्द आजही दिसतात. ते शब्द खोडून टाकावेत असे कोणी म्हणत नाही. कारण त्या जमिनीवर आपला हक्क आहे तो याच नोंदीवरून सिद्ध होतो. जातीच्या नोंदीचेही तसेच आहे. ती नोंद आपल्या कुटुंबावर काय अन्याय झाला याचा पुरावा आहे. अन्यायाची भरपाई मागणाऱ्याने पुरावा हातचा घालवू नये.

म्हणून धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि जातीच्या रकान्यात यादीत असलेले मूळ जातीचे नाव, अशी नोंद केल्यास श्रद्धेलाही बाध येत नाही आणि हक्कालाही. ज्यांना कोणतीही सवलत घ्यावयाची नाही, त्यांनी जात सांगितलीच पाहिजे असे नाही. मात्र तो निर्णय पालकांनी मुलांच्या पुढील पन्नास वर्षांचा विचार करून घ्यावा.

पडताळणीचा कायदा

खोटी प्रमाणपत्रे घेऊन राखीव जागा बळकावण्याचे प्रकार वाढले, तेव्हा न्यायालयांना त्यात लक्ष घालावे लागले. महाराष्ट्रातूनच गेलेल्या माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ सप्टेंबर १९९४ रोजी निकाल दिला. ते प्रकरण महादेव कोळी या जमातीच्या दाव्याचे होते. पण त्यात घालून दिलेली पद्धत सर्व राखीव प्रवर्गांना लागू झाली. प्रमाणपत्राची छाननी समितीने पडताळणी करावी, दक्षता पथकाने घरी व शाळेत जाऊन चौकशी करावी, आणि उमेदवाराने प्रवेशाच्या अथवा नेमणुकीच्या किमान सहा महिने आधी अर्ज करावा, असे त्यात सांगितले. पुढे महाराष्ट्र विधिमंडळाने याविषयी स्वतंत्र कायदा केला. तो १८ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आहे.

या कायद्यातील चार गोष्टी प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असाव्यात. जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. दावा खोटा ठरला तर मिळालेला प्रवेश, पदवी, नोकरी व निवडून आलेले पद जाते. खोटे प्रमाणपत्र घेणाऱ्यास शिक्षा होऊ शकते. आणि समितीचा निर्णय अंतिम असला तरी घटनेच्या २२६ व्या कलमाखाली उच्च न्यायालयात दाद मागता येते. २०१७ मध्ये फूड कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी कडक भूमिका घेतली. दावा अवैध ठरल्यावर इतकी वर्षे नोकरी झाली म्हणून ती राहू द्यावी, ही विनंती मान्य करता येणार नाही, असे सांगितले. राखीव जागेवरून निवडून आलेल्यांबाबतही २०१८ मध्ये कोल्हापूर महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ठरलेल्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र दाखल करणे बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनाही असाच नियम आहे. मुदत वेळोवेळी बदललेली असल्याने निवडणुकीच्या वेळची अधिसूचना वाचून घ्यावी.

हा कायदा आपल्या विरुद्ध आहे असे मात्र कोणी समजू नये. खोट्या प्रमाणपत्राने जी जागा जाते ती आपल्याच मुलाची असते. शिवाय खऱ्या दावेदाराला आधार देणारे निर्णयही झालेले आहेत. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकाला रीतसर चौकशी होऊन वैधता प्रमाणपत्र मिळालेले असेल, तर समितीने एरवी पुन्हा सारे उकरून न काढता अर्जदारालाही ते द्यावे. महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या खटल्यात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा नातेवाइकाच्या प्रमाणपत्राचे महत्त्व मान्य केले. मात्र ते रीतसर चौकशीनंतर मिळाले होते काय आणि नाते खरे आहे काय, हे समिती पाहू शकते. स्वातंत्र्यपूर्व काळातील कागदपत्रांना अधिक वजन असते, हे तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे.

यावरून घरोघरी घेण्याचा बोध असा की कुटुंबातील एकाने जरी नीट कागद जमवून वैधता मिळवली, तर सख्ख्या-चुलत भावंडांची वाट सोपी होते. म्हणून थोरल्याने ते काम अंगावर घ्यावे आणि प्रमाणपत्राच्या प्रती भावकीत द्याव्यात.

कागद कोठे शोधावेत?

अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची आहे. त्या तारखेला आपले कुटुंब महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीत कोठे राहत होते आणि त्या सुमाराची किंवा त्याआधीची जातीची नोंद कोणती, हे दाखवावे लागते. त्यासाठी पुढील ठिकाणे पाहावीत.

१) आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा यांपैकी जो कोणी शाळेत गेला असेल त्याच्या जिल्हा परिषद (पूर्वीच्या लोकल बोर्ड) शाळेतील प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा. घरात कोणी शिकलेले नसेल तर वडिलांचे चुलते, आत्या यांच्या नोंदी पाहाव्यात.

२) जन्म-मृत्यूची जुनी नोंद, म्हणजे गाव नमुना १४, आणि कोतवाल बुकाचा उतारा. हे तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मिळतात. पाबळ, केंदूर, धामारी, कान्हूर मेसाई या गावांतील लोकांना त्यासाठी शिरूरला जावे लागते. दौंड तालुक्यातील बांधवांनी दौंड तहसिलात चौकशी करावी.

३) वतनी जमिनीचे फेरफार, जुने सातबारा उतारे, इनामपत्रके. वतन हे जातीशी जोडलेले असल्याने हा पुरावा भक्कम समजला जातो.

४) वंशावळीचे प्रतिज्ञापत्र. यात नावांचे व आडनावांचे स्पेलिंग, वडिलांचे नाव, टोपणनाव यांतील फरक स्पष्ट करावा. कोतवाल बुकात 'भिक्या', शाळेत 'भिकाजी' आणि आधार कार्डावर 'भिकू' असे असेल तर ती एकच व्यक्ती असल्याचे त्यात नमूद करावे.

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे मराठवाडा व विदर्भातून आलेली कितीतरी कुटुंबे आता शिरूर तालुक्यात स्थायिक झाली आहेत. त्यांनी हे लक्षात ठेवावे की १९५० मध्ये कुटुंब ज्या गावी राहत होते, त्या भागाच्या प्रांताधिकाऱ्याकडे जातीच्या प्रमाणपत्राचा अर्ज करावयाचा असतो. मुलाचा जन्म येथे झाला तरी पुरावा मूळ गावीच सापडणार आहे. आजी-आजोबा हयात असताना ते काम उरकावे. मागाहून नाव-गावही सांगणारे कोणी राहत नाही.

वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध' आणि आजोबांच्या दाखल्यावर 'महार' असल्यास घाबरून जाऊ नये. हा विसंगत पुरावा नाही. १९५६ च्या आधीची आणि नंतरची नोंद अशीच असणार, हे समितीला साधार समजावून सांगता येते. पण दाखल्यात कोणीही स्वतः खाडाखोड करू नये, शाईने शब्द वाढवू नये. एका अक्षराच्या खाडाखोडीने खरा दावाही संशयात येतो आणि फौजदारी प्रकरण अंगावर येते. दुरुस्ती हवी असल्यास ती शाळेमार्फत व शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने रीतसर करून घ्यावी.

बारावीनंतर प्रवेशाच्या धावपळीत कागद शोधावयास निघणाऱ्यांची फार ओढाताण होते. आमची विनंती आहे की मूल नववी-दहावीत असतानाच जातीचे प्रमाणपत्र काढावे आणि अकरावीत पडताळणीचा अर्ज करावा.

जनगणनेविषयी

१ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणाऱ्या जनगणनेत सर्वांच्याच जातीची नोंद घेण्याचे केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५ लाख ३१ हजार, म्हणजे ५.८१ टक्के नोंदली गेली. देशातील दर चार बौद्धांपैकी तिघे महाराष्ट्रात आहेत. तरी १९६१ च्या मानाने राज्यातील प्रमाण उतरलेले आहे, हे विसरता कामा नये.

प्रगणकास काय सांगितले असता प्रमाणपत्र अडचणीत येईल, अशी धास्ती काहींना वाटते. ती निराधार आहे. जनगणना कायदा, १९४८ च्या १५ व्या कलमाप्रमाणे कुटुंबाने दिलेली माहिती गुप्त राहते आणि ती न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. तेव्हा धर्म 'बौद्ध' असे स्पष्ट सांगावे. अनुसूचित जातीचे आहात काय या प्रश्नाला होय म्हणावे व यादीतील जातीचे नाव सांगावे. प्रगणकाने न विचारता धर्म लिहून टाकला असेल तर लिहिलेले वाचून दाखवण्याची विनंती करावी. घरातील कर्त्या पुरुषाची वाट न पाहता भगिनींनीही ही माहिती ठामपणे द्यावी. कारण प्रगणक येतो तेव्हा बहुधा त्याच घरी असतात.

शेवटी

मेश्राम यांच्या खटल्यापासून १९९० पर्यंतचा प्रवास पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. हक्क घटनेत लिहिलेला असतो, पण तो बजावण्यासाठी शब्द आणि कागद दोन्ही लागतात. शब्दाची उणीव संसदेने १९९० मध्ये भरून काढली. कागदाची उणीव भरून काढणे हे प्रत्येक कुटुंबाचे काम आहे. आपल्या सभासदांपैकी जे शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, वकील किंवा निवृत्त कर्मचारी आहेत, त्यांनी महिन्यातून एक रविवार गावातील मुलांचे अर्ज तपासून देण्यासाठी दिला, तर कित्येक मुलांचे एक-एक वर्ष वाचेल. विद्यार्थ्यांनीही हा लेख वाचून बाजूला न ठेवता आजच घरातील पेटी उघडून आजोबांचा दाखला आहे की नाही, ते पाहावे. नसेल तर त्याचा शोध याच सुट्टीत सुरू करावा.

जयभीम.